नदीचा हजेरीपट



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही ‘डायाटम’ हे नाव सांगितले, तेव्हा चिटणिसांनी ते दोनदा विचारून लिहून घेतले. त्यांना दोष देता येणार नाही. आमचे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले; पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर. अशा माणसाने वनस्पतिशास्त्रातील विषयाला हात घालावा हे धाडसच होय. परंतु या विषयाशी आमची पहिली गाठ पुस्तकात पडली नाही, ती गोणीत पडली.

खालापूर तालुक्यातील एका रासायनिक कारखान्यात आम्ही उमेदवारीच्या काळात फिल्टर प्रेसवर होतो. तेथे गोणीतून एक पांढरी, पिठाहूनही हलकी पूड टाकीत ओतावी लागे. कामगार तिला ‘हायफ्लो’ म्हणत. गोणी झटकली की ती पूड भुवयांवर आणि मिशांवर बसे, नाकातोंडात जाई. तोंडाला बांधावयास ज्याचा त्याचा रुमाल. पुढे संघटनेच्या कामात सिलिकोसिस या फुफ्फुसाच्या रोगाची माहिती काढू लागलो, तेव्हा कळले की ही पूड म्हणजे साधी माती नव्हे. लाखो वर्षांपूर्वी पाण्यात जगून मेलेल्या सूक्ष्म वनस्पतींची ती कवचे होत. मूळ स्थितीत त्या कवचांतील सिलिका बहुतांशी काचेसारखी असते. गाळणीच्या कामासाठी भट्टीत भाजली म्हणजे तिचा बराच भाग स्फटिकरूप घेतो, आणि तीच धूळ माणसाच्या छातीत घर करते. आम्ही मास्कची मागणी लावून धरली. पुष्कळ खटपटीनंतर ती पदरात पडली. पण त्या कवचांचे कुतूहल मनातून गेले नाही ते आजतागायत.

आता ही वनस्पती कशी असते ते पाहू. डायाटम म्हणजे एका पेशीचे शैवाल. त्याचा आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून दहाव्या भागापर्यंत, क्वचित त्याहून लहानमोठा. पाण्यात विरघळलेली सिलिका शोषून ते आपल्याभोवती काचेचे घर बांधते. ते घर दोन भागांचे असते, एक तळ आणि त्यावर किंचित मोठे बसणारे झाकण. आपल्या देवघरातील कुंकवाचा करंडक डोळ्यांसमोर आणा. त्याहून चांगली उपमा आम्हांस सुचत नाही. पेशी दुभंगते तेव्हा एका लेकीस झाकण मिळते व दुसरीस तळ. आणि दोघीही आपल्या वाट्याचा भाग झाकण समजून आत नवा तळ घडवतात. त्यामुळे जिला जुना तळ मिळाला तिचे घर आईच्या घरापेक्षा लहान होते. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन शेतकऱ्याचे खाचर लहान व्हावे तसे हे घडते. फरक इतकाच, की एका मर्यादेनंतर डायाटम जुने घर टाकून देतो, लैंगिक प्रजननाने फुगतो आणि पुन्हा पूर्ण मापाचे घर बांधतो. शेतकऱ्यास ती सोय नाही.

ही काही किरकोळ जमात नव्हे. पृथ्वीवर सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने जेवढे अन्न तयार होते, त्याचा सुमारे पाचवा भाग एकटे डायाटम तयार करतात असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. नदीतील दगडावर पाय घसरतो तो ज्या तपकिरी बुळबुळीत थरावरून, तो थर बहुधा यांचाच. त्यास आपण शेवाळ म्हणून मोकळे होतो. पण त्या एका बोटभर थरात अनेक जाती नांदत असतात आणि प्रत्येकीची पाण्याविषयीची आवड वेगळी असते. हीच आमच्या आजच्या कथेची किल्ली आहे.

कथा सुरू होते इंग्लंडात. १७०३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत एका निनावी गृहस्थाचे टिपण छापून आले. तळ्यातील टिकलीएवढ्या पाणवनस्पतीच्या मुळांवर त्याला भिंगातून चौकोनी तुकड्यांच्या साखळ्या दिसल्या होत्या. डायाटमचे हे पहिले निःसंशय वर्णन समजले जाते. माणसाचे नाव कळले नाही, पण त्याची नोंद राहिली. १७८३ मध्ये डेन्मार्कच्या म्युलर या शास्त्रज्ञाने एकमेकांवर सरकणाऱ्या काड्यांची एक जात वर्णिली. सुताराची घडीची पट्टी उघडावी आणि मिटावी तशी ती हालते. हालते म्हणून त्याने तिला प्राण्यांत घातले. मग येथून वाद जुंपला, की हे जीव प्राणी की वनस्पती?

बर्लिनच्या एऱ्हेनबर्गने १८३८ मध्ये मोठा ग्रंथ काढून यांना प्राणी ठरविले; एवढ्याशा देहात पोटेही आहेत असे त्याला वाटले. त्याच जर्मनीत फ्रीडरिश क्युटझिंग नावाचा दुसरा माणूस होता. औषधाच्या दुकानात उमेदवारी केलेला आणि पुढे शाळामास्तर झालेला. त्याने १८३४ मध्ये दाखवून दिले, की ही कवचे सिलिकेची, म्हणजे गारेच्या जातीची आहेत. १८४४ मध्ये त्याने शेकडो जातींची नावे व चित्रे एका ग्रंथात छापली. त्यातले एक नाव आपण ध्यानात ठेवू: ‘पॅलिया’. ही बारीक, टोकदार, काडीसारखी जात. १८५६ मध्ये इंग्रज अभ्यासक विल्यम स्मिथ याने ती ‘निट्झशिया’ या कुळात घातली, आणि निट्झशिया पॅलिया हे तिचे नाव आजही चालू आहे. हिची साक्ष आपल्याला पुढे काढावयाची आहे.

पुढे वर्गीकरणाचा पाया कवचाचा आकार हाच झाला. १८९६ मध्ये श्युट याने दोन मोठे गट पाडले. एक चाकासारखे गोल, केंद्राभोवती नक्षी असलेले. दुसरे पिसासारखे लांबट, मध्यरेषेच्या दोन्ही अंगांस नक्षी असलेले. लांबटांपैकी पुष्कळांच्या कवचाला एक लांब चीर असते आणि तिच्यामुळेच ते सरपटू शकतात. ही दोन गटांची मांडणी जवळजवळ शतकभर चालली. याच शतकात जर्मनीतील ब्रेमेनचे हुस्टेट हे शाळामास्तर फावल्या वेळात काम करून जगातील अव्वल अभ्यासक ठरले. आमच्यासारख्या, पदवीवाचून शिकलेल्या माणसाला या इतिहासाचा मोह पडतो तो याचसाठी. १९९० मध्ये राउंड, क्रॉफर्ड आणि मॅन या तिघांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आधारे तीन वर्ग मांडले. गोल, चीर नसलेले लांबट आणि चीर असलेले लांबट. त्यानंतर आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास आला आणि ही मांडणीही ढिली झाली. गोल दिसणारे सगळे एका घराण्यातले नाहीत असे दिसून आले. जुनी कुळे फुटली आणि नावे बदलली. पगारपत्रकावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे आणि भविष्यनिर्वाह निधीत तिसरे, असा एकच कामगार आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. त्यामुळे या गोंधळाचे आम्हांस भय वाटत नाही. माणूस एकच आहे हे दाखविणारा कागद जपून ठेवला, म्हणजे झाले.

आता कोणी विचारील, की अन्नाची भ्रांत असलेल्या देशात या काचेच्या डब्यांची नावे मोजीत कशाला बसावे? याचे उत्तर आम्ही आमच्या धंद्यातून देतो. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही तो कामगार नाही, हे संघटनेत पहिल्याच दिवशी शिकावे लागते. एका कारखान्यात एका कंत्राटी कामगाराचा हात यंत्रात गेला. मालक म्हणाला, हा आमचा नव्हेच. कंत्राटदार म्हणाला, त्या दिवशी हा कामावर नव्हता. हजेरीपट त्यांचा आणि लेखणीही त्यांची. वर्षे गेली. अखेर फाटकासमोरच्या चहावाल्याच्या उधारीच्या वहीत त्या तारखेला, त्या पाळीला, त्याच्या नावावर एक चहा लिहिलेला सापडला. चहावाल्याने ती नोंद खटल्यासाठी केलेली नव्हती. म्हणूनच ती मोलाची ठरली. डायाटम ही नदीच्या काठची तशी वही आहे. पण ती वाचावयाची तर आधी नावे माहीत हवीत.

आपल्याकडे ही नावे लावण्याचे काम कोणी केले? मुंबईच्या शैवालशास्त्रज्ञ एला गोन्साल्विस आणि एच. पी. गांधी या दोघांनी मुंबई व साष्टी बेटांतील डायाटमची पद्धतशीर यादी भारतीय वनस्पतिशास्त्र परिषदेच्या पत्रिकेत १९५२ ते १९५४ या काळात तीन भागांत छापली. गांधींनी पुढे कोल्हापूर, पन्हाळगड, धारवाड, जोगचा धबधबा आणि अहमदाबाद असा प्रवास करून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हाताने चित्रे काढून शेकडो जाती नोंदविल्या. आज भारतात या शास्त्राचा कोणताही अभ्यासक त्यांच्या कागदांवाचून पुढे जाऊ शकत नाही. १९८४ मध्ये सरोदे आणि कामत यांचा महाराष्ट्रातील गोड्या पाण्याच्या डायाटमवरील ग्रंथ औरंगाबादेहून निघाला. मालवणकडचे वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर हे १९४६ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या ज्या संशोधन मंडळाचे पहिले संचालक होते, ती संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. सह्याद्रीतील डायाटमवर तेथे काम चालू आहे आणि नव्या जातींची नोंद होत आहे. साष्टी आमच्या पश्चिमेस आणि पुणे घाटावर. कर्जत-खालापूर मध्ये आहे. रेल्वेच्या वेळापत्रकात जसे आहे तसेच येथेही.

आता आपल्या या दोन तालुक्यांत ही मंडळी कोठे कोठे राहतात ते पाहू. वरून सुरुवात करू. राजमाचीच्या कुशीत उल्हास उगम पावते आणि कोंढाण्याच्या लेण्यांखालून कर्जतकडे येते. पावसाळ्यात तेथील कातळ दिवसरात्र पाझरत असतात. अशा झिरपणाऱ्या कातळावर, भिंतीवरच्या ओल्या शेवाळात आणि शेताच्या मातीत राहणारे डायाटम निराळेच. उन्हाळ्याचे कोरडे महिने ते दम धरून काढतात. पाण्यात क्षार कमी आणि किंचित आंबटपणा असला, म्हणजे धनुष्याकृती युनोशिया फोफावते. ओढ्याच्या खळाळत्या पाण्यात दगडाला घट्ट चिकटणारे अकनँथिडियम, पाण्यातल्या पानांवर उवेसारखे पालथे पडणारे कोकोनिस आणि देठावर उभे राहणारे गोम्फोनिमा यांची वस्ती असते. माथेरानच्या शार्लोट तलावासारख्या किंवा खोपोलीच्या नाना फडणविसांनी बांधविलेल्या तळ्यासारख्या साचलेल्या पाण्यात तरंगणारे गोल डायाटम येतात. डबे जोडून मालगाडी करावी तसे ऑलॅकोसायरा साखळ्या करून राहते. भाताच्या खाचरात आणखी वेगळा मेळावा. भाताचे पीक स्वतःही मातीतून सिलिका घेते, म्हणूनच पेंढ्याने हात कापतो आणि तुसाच्या राखेत सिलिका सापडते. एकाच पाण्यातून भात आणि डायाटम एकच माल उचलीत असतात.

येथे आपल्या भागाचा एक खास इतिहास सांगितला पाहिजे. घाटमाथ्यावरचे जे पाणी निसर्गतः पूर्वेस भीमेच्या खोऱ्यात जावयाचे, ते टाटांच्या जलविद्युत योजनेने अडविले आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली सोडले. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले आणि त्या विजेवर मुंबईच्या कापड गिरण्या चालू लागल्या. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर आले. त्यासाठी आंध्रा नदीचे पाणी ठोकरवाडीला अडविले होते. पुढचे धरण मुळशीचे. तेथील मावळ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी सत्याग्रह केला, तो सर्वांस ठाऊक आहे. वीज करून सुटलेले पाणी खोपोलीस पाताळगंगेत आणि भिवपुरीहून उल्हासच्या खोऱ्यात येऊ लागले. चैत्र-वैशाखात कोकणातील नद्या डोहांपुरत्या उरतात. या दोघी मात्र वाहत्या राहिल्या. त्या पाण्यावर राजनाल्याच्या कालव्याने कर्जतला उन्हाळी भात पिकू लागला. त्याच बारमाही पाण्यासाठी खोपोलीपासून रसायनीपर्यंत कारखाने आले, आणि कारखान्यांमागून आम्ही आलो.

हा इतिहास सरकारी कागदांत लिहिलेला आहेच. तो दगडावरही लिहिला जात असणार. कारण त्या नळांतून घाटावरच्या तलावांतले तरंगते करंडक येथे उतरतात. डोंगरातला ओढा, धरणाचे पाणी, कारखान्याचे पाणी आणि शेवटी धरमतर खाडीचे खारे पाणी, जेथे समुद्राकडचे कॉसिनोडिस्कस भरतीबरोबर आत येतात. असे चार मुलूख पाताळगंगेच्या एवढ्याशा लांबीत एकापाठोपाठ लागतात. जाणत्या माणसाच्या हाती दगडावरचा खरवडा दिला, तर यापैकी कोणत्या मुलखातला तो आहे हे तो सांगू शकतो.

आणि येथेच निट्झशिया पॅलियाची साक्ष निघते. १९०८ मध्ये कोल्कविट्झ आणि मार्सन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी मांडले, की पाण्यात सांडपाण्याची घाण किती आहे ते तेथील जीवांच्या यादीवरून ठरविता येते. अमेरिकेत रुथ पॅट्रिक या बाईंनी १९४८ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील कोनेस्टोगा नदीचा वरपासून खालपर्यंत तपास करून दाखविले, की एखादी जात सापडली एवढ्याने भागत नाही. किती जाती मिळून नांदतात आणि कोणती एकटीच माजली आहे, हे पाहावे लागते. स्वच्छ प्रवाहात पुष्कळ जाती थोड्याथोड्या असतात. सांडपाणी मिसळले की नाजूक जाती निघून जातात आणि पॅलियासारख्या सोशिक जाती गर्दी करतात. क्युटझिंगने १८४४ मध्ये ती नोंदविली, तेव्हा नदीच्या प्रदूषणाचा विचार त्याच्या मनात नव्हता. पण नाव आधीच लागलेले होते म्हणून साठसत्तर वर्षांनी साक्षीदारास हाक मारता आली.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो; परंतु ते टाळून हे व्याख्यान पुरे करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पंचवीसेक वर्षांपूर्वी मृगाचा पहिला पाऊस पडला, आणि एका कारखान्याच्या नाल्याखाली मासे उलटे होऊन वर आले. कातकरवाडीतील बाया मेलेले मासे टोपल्यांत घालून फाटकाशी आल्या. त्यांत मरळ होते, वाम होते. दुसऱ्या दिवशी बाटलीत पाणी भरून तपासणीस गेले आणि अहवाल आला: सर्व काही मर्यादेत. अर्थातच! पाऊस कोसळत होता, कालचे पाणी कालच खाडीला मिळाले होते. आम्ही तेव्हा तेथील संघटनेचे चिटणीस. कारखाना बंद पडला तर शेकडो चुली विझतील, हे भय खोटे नव्हते. आम्ही सभा घेतली आणि ‘ग्रामस्थांची तक्रार अतिशयोक्त आहे’ असा ठराव केला. तो ठराव आमच्याच हस्ताक्षरात आहे.

नोकऱ्या राखल्या याचा आम्हांस पश्चात्ताप नाही. चूक निराळी होती. मालकाचा हजेरीपट खोटा आहे असे न्यायालयात ओरडून सांगणारे आम्ही, त्या दिवशी एका बाटलीला पुरावा समजलो आणि बायांच्या टोपलीला समजलो नाही. त्या टोपलीला जोड देणारी दुसरी वही काठावरच्या दगडांवर पडलेली होती, हे आम्हांस ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी ती वाचणारा आमच्याजवळ कोणी नव्हता, आणि आधीच्या वर्षीचे पान कोणी जपून ठेवलेले नव्हते. पुढे महाराष्ट्रातील ज्या नद्यांच्या प्रदूषित पट्ट्यांसाठी सुधारणेचे आराखडे करावे लागले, त्यांत उल्हास आणि पाताळगंगा ही दोन्ही नावे आली.

डायाटमच्या साक्षीची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही गारुडी ठरू. विष कोणते होते आणि ते कोणी सोडले, हे डायाटम सांगत नाही. रासायनिक तपासणीची गरज त्याने संपत नाही. पुराच्या लोंढ्यात दगड घासून निघतात आणि वही कोरी होते. म्हणून पाणी उतरून काही आठवडे स्थिर झाल्यावर, कार्तिकापासून पुढे, नमुना घ्यावा लागतो. तो सांगतो इतकेच, की गेल्या काही आठवड्यांत या ठिकाणच्या पाण्याची प्रकृती कशी होती. बाटली एका क्षणाची हजेरी घेते, तर दगड महिन्याची.

म्हणून आमची सूचना साधी आहे. उल्हास आणि पाताळगंगा यांवर ठरावीक जागा निवडाव्यात. वीजघराच्या पाण्याच्या वर व खाली, गावाच्या वर व खाली, कारखान्यांच्या वर व खाली. दरवर्षी हिवाळ्यात तेथील वाहत्या पाण्यातले पाचसहा दगड उचलून दातांच्या नव्या ब्रशाने त्यांचा थर एका बशीत खरवडावा, बाटलीत भरावा, टिकण्यासाठी आयोडीनचे थेंब घालावेत आणि वर जागा, तारीख, घेणाऱ्याचे नाव लिहावे. एवढे काम शाळेची मुले करू शकतात. पुढे आम्लाने कवचे स्वच्छ करून काचपट्टीवर बसविणे आणि तीनचारशे कवचे मोजून नावे लावणे हे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेचे काम. नीट केलेली काचपट्टी शंभर वर्षांनंतरही वाचता येते. एकोणिसाव्या शतकातल्या पट्ट्या आजही संग्रहालयांत पाहिल्या जातात. खर्च एका सत्काराच्या हारतुऱ्यांइतका. आणि कामगार संघटनांनी यात मागे राहू नये. पाण्याच्या नोंदी उघड असल्या, म्हणजे ‘नदी की नोकरी’ हा खोटा प्रश्न आमच्यापुढे टाकून कोणी बाजूला होऊ शकणार नाही; सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च कोणाचा, हा खरा प्रश्न मग विचारता येईल.

गेल्या माघात आम्ही एका प्राध्यापकांबरोबर कोंढाण्याखालच्या ओढ्यावर गेलो होतो. त्यांनी दगड खरवडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. ज्या पुडीने आमची छाती भरली होती, तिचेच जिवंत भाऊबंद सोनेरी रंग घेऊन आमच्या डोळ्यांसमोर सावकाश सरकत होते. प्राध्यापक एकेकाचे नाव सांगत होते आणि आम्ही वहीत लिहून घेत होतो. पहिल्या पानावर तेवीस नावे झाली. वही वाचनालयात ठेवली आहे. पुढची पाने भरावयास कोण येणार, हे विचारण्यासाठीच आम्ही आज येथे उभे राहिलो.